समुद्रावर जुनीच यंत्रं न्यावीत

भूपालअण्णा मगदूम दोन तासांसाठी समुद्रावर निघाले होते, पण तयारी बघून कुणालाही वाटलं असतं की हा गृहस्थ समुद्र ओलांडूनच जाणार आहे. मिठमुंबरीतल्या त्या घरगुती निवासाच्या ओसरीवर त्यांनी सकाळी सातलाच पंचा अंथरला आणि त्यावर एकेक वस्तू मांडली. घट्ट झाकणाची डबी, तिच्यात ओल शोषणारे निळे दाणे. मऊ केसांचा ब्रश. सुती पिशवी. घाम अडवणारी इवलीशी रबरी टोपणं. आणि सगळ्यांच्या मधोमध, देवघरासारखी मोकळी राखलेली जागा, कानातली दोन नवी यंत्रं काढून पुसायला.

"अण्णा, इथून दोनशे पावलांवर जायचंय आपल्याला," त्यांची लेक पद्मजा हसून म्हणाली. ती पुण्यात नोकरी करायची आणि आईवडिलांना चार दिवस फिरवून आणायचं म्हणून गाडी घेऊन इचलकरंजीला आली होती.

"दोनशे असू दे न्हाईतर दोन. वाळूचा एक कण आत गेला की संपलं. वर खारं वारं. चाळीस वर्षं माग सांभाळल्यात मी, मला शिकवू नको."

"मग ती गाडीत ठेवू."

"गाडीत? उन्हात गाडीची भट्टी हुत्या. आतली बॅटरी फुगंल की!"

शेवटी निकाल असा लागला की नवी यंत्रं डबीत, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या खिशात. समुद्रावर न्यायची ती दहा वर्षांपूर्वीची जुनी जोडी. नवं जपायचं आणि जुनं झिजवायचं हा मगदूमांच्या घरचा कायदाच होता. लग्नात आलेल्या स्टीलच्या ताटांवरची कागदी लेबलं त्या घरात अजून शाबूत होती.

राजमती, त्यांची बायको, ओसरीच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. तिनं अंगणाकडे हात केला आणि काहीतरी म्हणाली. अण्णांच्या कानात तिचा आवाज आला, नेहमीचा, स्वच्छ: "टोपी घ्या, ऊन लागंल." अण्णांनी मुकाट्यानं टोपी घातली. राजमती जरा नवलानं त्या टोपीकडे बघत राहिली. मग त्यांनी नवी यंत्रं काढून डबीत ठेवली, जुन्यांना रबरी टोपणं चढवली, दोरी मानेमागे बांधली आणि ती कानात घातली.

अण्णांचे कान गेले ते यंत्रमागांपायी. इचलकरंजीत चोवीस मागांच्या एका शेडमध्ये ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. चोवीस माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला पत्ता लागत नसे. म्हणून शेडमधली माणसं ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. चहा आला, मालक आला, कांडी संपली, प्रत्येकाची खूण ठरलेली. दोन्ही हातांच्या चिमटीत दोरा धरल्यासारखं करून हात झटकन लांब नेले की तार तुटली, माग थांबवा. त्यावर जॉबरनं उजवा हात डोक्यावर उघडा धरायचा: दिसलं, थांबवतो, आलो. आणि तो यायला रेंगाळला की मनगटावर दोन बोटं आपटायची: उशीर केलास. राजमती त्याच शेडमध्ये कांड्या भरायला, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायला होती. त्यांचं सगळं जमलं ते या खुणांवर. लग्नाआधी वर्षभर दोघांनी एकमेकांचा आवाजही धड ऐकला नव्हता, हे अण्णा कौतुकानं सांगत.

लग्नानंतरही अण्णा तिच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचे. ती बोलायला लागली की हातातलं काम खाली ठेवून मान वर करायची, ही त्यांची सवयच होऊन गेली. जुनी यंत्रं आली तेव्हाही ती सवय राहिली, कारण जुनी यंत्रं आवाज फक्त मोठा करायची. मोठा केल्यानं सगळं भागत नाही. कानाच्या आतले बारीक केस, जे आवाजाचे पदर सोडवतात, ते एकदा झडले की कितीही मोठ्यानं बोला, स, फ, त असले हलके आवाज हरवतातच. कापडाला जागोजागी भोकं पडलेली असावीत तसं वाक्य पोचतं.

गेल्या जूनमध्ये अण्णांनी घेतलेल्या नव्या यंत्रांनी ही भोकं बुजवली. त्यांना लोक 'पूरक' म्हणायचे. पूरक पहिले वीस दिवस नुसतं ऐकतं. घरात कोण कसं बोलतं, कशानंतर काय म्हणतं, चहाच्या वेळी काय, भांडताना काय, हे सगळं शिकतं. मग त्या माणसाचं वाक्य अर्धं आलं की उरलेलं काय असणार याचा अंदाज ते डोळ्याचं पातं लवायच्या आत बांधतं आणि गाळलेला भाग त्याच माणसाच्या आवाजात विणून कानात सोडतं. जिथे शब्द जुळत नाही तिथे तो गोंगाट समजून वगळतं आणि जुळणारा घालतं. हे रफूच होतं, पण असं की बोट फिरवूनही सापडू नये.

यंत्र बसवणाऱ्या पोरीनं सांगितलं होतं, "काका, शब्दांची भरणी मध्यावर ठेवू या. आणि दर दोन महिन्यांनी तपासायला घेऊन या." पण अण्णा पडले जॉबर. अर्धवट काम त्यांना खपायचं नाही. "रफू दिसलं तर ते रफू कसलं? पूर्ण भर," म्हणाले. तपासायला ते एकदाही गेले नाहीत. बसच्या धक्क्यानं यंत्र सैल झालं तर काय घ्या! आणि गरज तरी कुठे होती? आता मान वर करावी लागत नव्हती. पेपर तोंडासमोर धरून ते बायकोशी तासन्‌तास बोलत आणि दोघांचं कधी नव्हे इतकं पटत होतं.

वाळूवर आल्यावर जुन्या यंत्रांत वारा भरला. घोंघों आवाज यायला लागला, पण अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. सुरूच्या झाडांखाली चटई टाकून पद्मजा शहाळी आणायला गेली. समोर दोन कोळी एक होडी पाण्यात लोटत होते. राजमती ते टक लावून बघत होती. मग तिनं अण्णांच्या गुडघ्याला हात लावला.

"ते... ते बघा. ते ताट. न्हाई. ताट न्हाई. ते... लाकडाचं..."

अण्णांनी उजवं यंत्र काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं.

"काय म्हणालीस?"

"ताट," राजमती म्हणाली आणि लगेच जीभ चावल्यासारखं केलं. "ते हो. पाण्यात... जातंय की. ते."

जुनंच ते, दगा देणार. अण्णांनी खिशातून नवे सेल काढले, वाऱ्याकडे पाठ करून दोन्हीकडचे बदलले. मागून शहाळेवाल्याचा आवाज आला. "पाणीवाला देऊ की मलईवाला?" अक्षर न्‌ अक्षर नाही, पण वाक्य कळलं. "दोन पाणीवाले, एक मलईवालं," हे पद्मजाचं. तेही कळलं.

माग बिघडला की जॉबर आधी एकच गोष्ट बघतो, दोष मागात आहे की सुतात. सूत बदलायचं आणि तोच माग चालवून बघायचा. पद्मजा शहाळी घेऊन आली तशी अण्णा तिला म्हणाले, "माझ्या पाठीमागं उभी ऱ्हा आणि काहीतरी बोल. सावकाश बोल."

"आज काय नवीन खूळ? बरं. समुद्र छान आहे, ऊन फार आहे, आणि तुमच्या टोपीला भोक पडलंय."

अण्णांनी टोपी काढून बघितली. भोक होतं. माग चालू होता, म्हणजे दोष सुतात होता.

ते राजमतीसमोर वाळूत बसले आणि शहाळं तिच्या हातात दिलं. "राजी, हे काय हाय, सांग बघू."

राजमतीनं शहाळ्याकडे बघितलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "हे... प्यायचं. हिरवं. ते हो... ते." आणि ती हसली. चोरी पकडलेल्या लहान मुलीसारखं ते हसू होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ती असं कधी हसली नव्हती. की हसली होती, आणि त्यांनी बघितलं नव्हतं?

पद्मजा खाली मान घालून वाळूत बोट फिरवत होती. अण्णा तिला हाताला धरून दहा पावलं लांब घेऊन गेले.

"कधीपास्नं हाय हे?"

"तुम्ही मला विचारताय?" पद्मजानं वर बघितलं. तिचे डोळे भरले होते. "दिवाळीत मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला. आई फोन का घेत नाही, नुसतं हं हं का करते, म्हणून. तुम्ही म्हणालात, तुझी आई ठणठणीत आहे, दिवसभर बोलत असते माझ्याशी."

"बोलतच असती की! परवासुद्धा..."

"काल गाडीत ती काहीतरी तुटक तुटक बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. आणि तुम्ही तिला सरळ उत्तर दिलंत, आजऱ्यात थांबू या म्हणून. मला वाटलं, तुम्हाला कळतंय, माझंच काहीतरी चुकतंय. रात्रभर विचार करत होते तुम्हाला कसं विचारू." तिनं डोळे पुसले. "अण्णा, तुम्हाला खरंच ऐकू येत होतं?"

येत होतं. हेच तर भयंकर होतं. सगळं ऐकू येत होतं.

पूरकचं एक पान मोबाइलमध्ये असतं. अण्णांनी ते कधी उघडलं नव्हतं. पद्मजानं त्यांचा मोबाइल घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावलं आणि पान निघालं. कुणाच्या बोलण्यात यंत्रानं किती भर घातली त्याचे आकडे होते. पद्मजा, शंभरात सात. दूधवाला, अकरा. राजमती, जूनमध्ये नऊ. दिवाळीत एकेचाळीस. या आठवड्यात त्र्याहत्तर.

"शंभरात त्र्याहत्तर," पद्मजा पुन्हा म्हणाली.

खाली मागच्या सात दिवसांचं बोलणं दोन रकान्यांत होतं, तपासणाऱ्याला चूक सापडावी म्हणून ठेवलेलं. एका रकान्यावर 'आलेलं' लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर 'दिलेलं'. पद्मजानं वाचायला सुरुवात केली आणि अण्णांना वाटलं, हिनं थांबावं.

मंगळवार सकाळ. आलेलं: अहो... मला... डोक्यात... ते शब्द... न्हाईत. दिलेलं: अहो, मला डोक्याला तेल द्या की, शब्दकोडं नंतर सोडवा.

बुधवार. आलेलं: पद्मीला... सांगा... मी... सांगा. दिलेलं: पद्मीला सांगा, मी बरी हाय.

शुक्रवार. आलेलं: बघा. बघा की. बघा. दिलेलं: बघा की किती वाजले, जेवून घ्या आता.

आणि अण्णा उठून जेवले होते. शुक्रवारी वांग्याची भाजी होती, तीही त्यांना आठवली. तेल मागितलं म्हणून मंगळवारी त्यांनी बाटली आणून तिच्यापुढे ठेवली होती आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं होतं. गेल्या महिन्यात गच्चीवर ती शेडमधल्या दिवसांबद्दल केवढं भरभरून बोलली होती! ती संध्याकाळ त्यांनी मनात जपून ठेवली होती. आता ती संध्याकाळ कुणाबरोबर काढली हेच त्यांना कळेना. यंत्र तिच्या जुन्या बोलण्यावर शिकलं होतं. जे ती अठ्ठेचाळीस वर्षं म्हणत आली तेच ते तिच्या तोंडी घालत होतं. आणि यंदा पहिल्यांदाच तिला काहीतरी वेगळं सांगायचं होतं, जे यंत्राच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

पद्मजानं कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे फोन लावला. उद्या सकाळची वेळ मिळाली. कशानं झालंय ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तिकडून कळलं. काही कारणांवर वेळेत इलाज असतो, काहींवर नसतो. कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा पद्मजानं अण्णांकडे बघितलं.

"दिवाळीपास्नं. सात महिने," अण्णा म्हणाले. "घरात मी हुतो तिच्याजवळ. रोज हुतो." आणि हा एवढा मोठा माणूस भर उन्हात वाळूवर मटकन बसला.

राजमती चटईवरून उठून त्यांच्यापाशी आली. तिनं त्यांच्या कानातल्या जुन्या यंत्राला बोट लावलं आणि नको नको म्हणून मान हलवली. मग निवासाच्या दिशेनं हात केला. "ते... ते घाला. त्यात... मी..." आणि हाताचा पंजा सरळ फिरवला, गुळगुळीत कापडावरून फिरवावा तसा.

अण्णा पद्मजाकडे बघायला लागले.

"तिला नवी यंत्रं हवीत," पद्मजा म्हणाली. "त्यात तुम्हाला तिचं कळतं असं वाटतंय तिला. बाकी सगळ्यांपुढे ती अडखळते, म्हणून गप्प बसते. तुम्ही तेवढे न अडता उत्तर देता."

किल्ली अण्णांच्या खिशात होती. दोनशे पावलांवर कपाट, कपाटात डबी, आणि डबीत ती राजमती जी अडखळत नव्हती, जी ऊन लागंल म्हणायची, जेवून घ्या म्हणायची. खोटं कशाला सांगा, त्यांना ती हवी होती. आत्ता, या क्षणी हवी होती. एक वेळ फक्त, उद्याच्या डॉक्टरांपर्यंत. ते उठले आणि निवासाकडे चालायला लागले. वीसएक पावलं गेल्यावर मागून तिचा आवाज आला की नुसता वारा होता, त्यांना कळेना. आता कानांवर त्यांचा काडीचा विश्वास उरला नव्हता. म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं.

राजमती पाण्याच्या कडेला उभी होती. तोंडानं ती काहीच बोलत नव्हती. दोन्ही हात छातीसमोर, दोन्ही चिमटीत काहीतरी धरलेलं. झटकन तिनं हात लांब नेले. पुन्हा जवळ आणले. पुन्हा झटकन लांब.

तार तुटली. माग थांबवा.

अण्णा जागच्या जागी थिजले. ही बोटं त्यांनी बघितली होती. पेपराच्या वरच्या काठातून फाकलेली चार बोटं, दिवाळीपासून, रोज. संधिवात असेल म्हणून त्यांनी विचारलं होतं, "बोटं दुखत्यात काय गं?" आणि कानात उत्तर आलं होतं, "व्हय, जरा." त्यांनी औषधाच्या दुकानातून मालिशचं तेल आणून दिलं होतं. राजमतीनं ती बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघितलं होतं, आणि तेल लावलं होतं. रोज लावत होती. पेपर चार बोटं खाली घेतला असता तर तिचे दोन्ही हात दिसले असते. चोवीस मागांच्या खडखडाटात, शेडच्या त्या टोकावरून जी खूण त्यांना एका नजरेत कळायची, ती चार हातांवरून सात महिने कळली नव्हती.

त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि पद्मजाच्या हातात दिली.

"अण्णा, अहो, ऐकू कसं येणार?"

तिचे ओठ त्यांना स्वच्छ दिसले. "बघतो की आता," ते म्हणाले, फार मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाजही आता त्यांना ऐकू येत नव्हता.

समुद्र मुका झाला होता. लाटा नुसत्याच येत होत्या आणि जात होत्या. अण्णा चपलांसकट पाण्यात शिरले आणि राजमतीपासून पाच हातांवर उभे राहिले. किती म्हातारी झाली होती ती! डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि तोंड जरासं उघडं, शब्दाची वाट बघणाऱ्या माणसाचं असतं तसं. तो चेहरा तसाच बघत त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि पंजा उघडला.

दिसलं. थांबवतो. आलो.

राजमतीचे हात हळूहळू खाली आले. डोळ्यांत पाणी दाटून आलं, पण ते तिनं पुसलं नाही. तिनं डावं मनगट पुढे केलं आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं आपटली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

भूपालअण्णांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले, आणि तिचं ते मनगट हातात धरलं.